डावीकडची चमकी

मनी: मान वळव. अजून. माझा कान दिसतोय का?

आई: नाक दिसतंय. अर्धं.

मनी: अर्ध्या नाकावर भागायचं नाही. फिजिओवाल्या बाईंनी काय सांगितलंय? बोलणाऱ्याने डावीकडे बसायचं आणि तू त्याला पूर्ण पाहायचं.

आई: तुला जन्मल्यापासून पाहतेय. उरलेलं नाक मला पाठ आहे.

मनी: आई.

आई: बरं बाई. हा दिसला कान. आणि त्यातलं कानातलं कुठे गेलं?

मनी: टेबलावर आहे. आता खाली बघ. उशीवर काय आहे?

आई: हात.

मनी: कुणाचा?

आई: तुझे दोन्ही मोजून झाले. माझा उजवा मांडीवर आहे. म्हणजे हा माझा डावा.

मनी: असं उत्तर नको होतं मला.

आई: उत्तर बरोबर आहे. रीत लांबची आहे, एवढंच.

मनी: राहू दे असाच. उशीवरून पडला तर सांग. नाही, तू नको सांगूस. मीच बघते.

आई: हा काय बाजार मांडलायस पण?

मनी: हा नखांवरचा रंग घट्ट करायचा दिवा. ही बेसची बाटली, पहिल्या थराची. ही चमकी, सोनेरी, जांभळी आणि मोरपिशी. ह्या टिकल्या. हा चिमटा.

आई: चिमटा माझ्या भुवयांचा आहे.

मनी: होता. तू एकट्या उजव्या भुवईच्या मागे लागलीस म्हणून मी तो काढून घेतला.

आई: तरीच. मला वाटलं हरवला.

मनी: बोटं पसर. म्हणजे, मी पसरते. नखांच्या कडा आधी घासून घ्यायच्या. व्हिडिओतली मुलगी हे असं करते की वाटतं लोणी लावतेय.

आई: तुझा हात कापतोय.

मनी: मी हवामान केंद्रात काम करते, आई. ब्यूटी पार्लरमध्ये नाही.

आई: मी नुसतं निरीक्षण सांगितलं. असली नखं रंगवून एखादी मुलगी माझ्या वर्गात आली असती ना, तर...

मनी: माहीत आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीत ॲसिटोनची बाटली आणि कापसाचा बोळा. पोरी रांगेने उभ्या. सगळी शाळा तुला 'कापूसबाई' म्हणायची.

आई: मला ठाऊक होतं.

मनी: राग नाही आला कधी?

आई: तेव्हा आला असेल. आता आठवून बघितला तर येत नाही.

मनी: हं.

आई: दुसरा रंग नाही का एखादा? अंगाच्या रंगाशी मिळेल असा?

मनी: अंगाशी मिळणाराच तर नकोय. तुझ्या नजरेला टोचला पाहिजे. रिबीन बांधली, ती तू सोडून ठेवलीस.

आई: कुणाला तरी भेट द्यायला गुंडाळल्यासारखा दिसत होता हात.

मनी: घुंगरू बांधला.

आई: मी शेळी नाही.

मनी: कडं घातलं, ते दाराच्या कडीत अडकलं आणि तू पुढे निघून गेलीस. हाताला मागे ठेवून. आता राहिली नखं. ती निसटत नाहीत, वाजत नाहीत, आणि एका हाताने तुला हा रंग काढता येणार नाही.

आई: बेडीच की.

मनी: बेडी म्हण. पण चमकणारी.

आई: तळव्याच्या कडेला ते गुलाबी काय लावलंयस?

मनी: मी काही नाही लावलं. ती नवी कातडी आहे. आज सकाळी पट्टी काढली ना.

आई: हो. तवा.

मनी: तवा.

आई: खोटं नाही सांगत, मने, मला आधी वास आला. म्हटलं, काहीतरी करपतंय. उजवीकडचा गॅस पाहिला, तो बंद. खिडकीबाहेर पाहिलं, म्हटलं शेजारचं कुणी कचरा जाळतंय की काय...

मनी: पुरे.

आई: मी क्रमाने सांगतेय.

मनी: मी ते पाहिलंय, आई. तू ओट्याशी उभी, मान वर करून हुंगतेयस, आणि हात तव्यावर. आणि मला म्हणतेस, "बघ ग, काय करपतंय ते."

आई: हो. तसंच म्हटलं.

मनी: मी ओरडले तेवढंच. मग काहीच वाटलं नाही. पाणी ओतलं, पट्टी बांधली, दादाला फोन केला. त्यानंतर मी जेवले सुद्धा. व्यवस्थित.

आई: बरं केलंस.

मनी: दवाखान्यातही मला रडू आलं नव्हतं.

आई: मलाही नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या झटक्यात गेलेली डाव्या अंगाची जाणीव परत येईलच असं नाही. मी म्हटलं, बरं. तर त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांना वाटलं, या बाईच्या डोक्यात शिरलेलं नाही.

मनी: शिरलं होतं?

आई: पहिल्याच वेळी. पण शिरून ते कुठे गेलं कुणास ठाऊक. अजून सापडलेलं नाही. तू रंग लाव.

मनी: लावलाय. अंगठ्याला मोरपिशी, जाडजूड. आता हात दिव्यात. बाप रे, जड आहे ग हा.

आई: एवढी विश्रांती त्याला कधी मिळाली नव्हती.

मनी: बटण दाबतेय. गरम लागलं की सांग हं.

आई: सांगीन.

मनी: ती मुलगी म्हणत होती, चमकीचा थर जाड असला की मध्येच चटका बसतो. गिऱ्हाईक आपोआप हात मागे घेतं म्हणे.

आई: बसणारच. प्रकाश पडला की त्या द्रवातले कण एकमेकांना धरायला लागतात. साखळ्या होतात, तो घट्ट होतो आणि उष्णता बाहेर टाकतो. जितका थर जाड, तितकी उष्णता जास्त.

मनी: लागतंय का गरम?

आई: नाही.

मनी: छान.

आई: छान.

मनी: आई.

आई: काय ग?

मनी: मी कुणाला विचारतेय?

आई: मला. आणि मी खरं तेच सांगितलं.

मनी: काढ! काढ हात! थांब, मीच काढते. बघू. इकडे धर. कडेला लाल झालंय. नाही. नाही, तो टिकलीचा रंग लागलाय. की लाल झालंय?

आई: पुसून बघ.

मनी: पुसलं. गेलं.

आई: मग श्वास घे.

मनी: तवा झाला, आता दिवा. दादा म्हणतो तेच खरं. मी जवळ असून ही गत, तर मी कामावर परत गेल्यावर काय?

आई: दादाचं नंतर. तुझा डावा हात रिकामा आहे ना?

मनी: आहे. का?

आई: तुझ्या अंगठ्याला लाव. हीच चमकी, एवढाच जाड थर. आणि माझ्या अंगठ्याशेजारी घाल दिव्यात. तुला चटका बसला की दोन्ही हात बाहेर.

मनी: माझा कशाला?

आई: शाळेत आम्ही दोन परीक्षानळ्या घ्यायचो. एकीत प्रयोग. दुसरी तुलनेला.

मनी: यातली तुलनेची नळी कोण?

आई: ते तू ठरव. मला घाई नाही.

मनी: थोडं सरक. दोन्ही अंगठे बसायला हवेत. हं. दाबलं बटण. अजून काही नाही. अजून नाही. अजून... आई ग! बाहेर! दोन्ही बाहेर!

आई: बसला?

मनी: बसला.

आई: कसा असतो?

मनी: नखाच्या खालून सुई घातल्यासारखा. मग लगेच जातो.

आई: हो. असाच असायचा.

मनी: आता थर पातळ लावते. दोन वेळा लावू, पण पातळ. हे पुढचं बोट. तुझं सोनेरी. माझंही सोनेरी.

आई: तुझ्या केंद्रावर हसतील तुला.

मनी: तिथे मी, एक शिपाई आणि पर्जन्यमापक. पर्जन्यमापक नखं बघत नाही. शिपाई माझ्याकडेच बघत नाही.

आई: सोमवारी जायचंय ना?

मनी: जायचं तर आहे. सगळी रजा संपली. त्या शिपाई मुलाला किती दिवस एकट्याला नोंदी घ्यायला लावू? सोमवारी हजर झाले नाही तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी येईल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

आई: मग जा.

मनी: आणि तू?

आई: मी इथे.

मनी: दादा उद्या तुला न्यायला येतोय, आई. तू "मी इथे" म्हणतेस आणि तो तिकडे पलंगावर चादर घालून बसलाय. हा बघ, त्याचाच फोन. लांब ठेवते हं, माझ्या बोटांना चिकटेल. बोल दादा, स्पीकरवर आहेस.

दादा: काय चाललंय तुमचं?

मनी: आईच्या नखांना चमकी लावतोय.

दादा: काय लावताय?

आई: चमकी. तीन रंगांची. वर टिकल्या.

दादा: मने, सकाळी मी येणार, तिची औषधं काढून ठेवायची, कपडे भरायचे, आणि तुम्ही पार्लर उघडलंय?

मनी: तिला हात दिसावा म्हणून करतोय. फिजिओच्या बाईंनीच सांगितलं, काहीतरी भडक पाहिजे. त्या हाताकडे तिची नजर गेली पाहिजे.

दादा: बघ, मी भांडत नाहीये. आई, खोली तयार आहे तुझी. रंग दिलाय. दिवसभराच्या बाईही ठरल्यात, स्वभावाने बऱ्या आहेत. आणि मोठी खिडकी आहे. बाग दिसते.

आई: कुठल्या बाजूला?

दादा: काय?

आई: खिडकी. पलंगावर पडलं की कुठल्या बाजूला येते?

दादा: डावीकडे.

आई: मग मला खिडकी नाही.

दादा: पलंग फिरवून घेऊ.

आई: फिरव. पण ऐक. या घरात डावीकडे काय आहे ते मला न बघता ठाऊक आहे. कपाट, मग दार, मग मोरी. तुझ्या घरात डावीकडे काहीच नसेल. भिंतसुद्धा नसेल. मी अर्ध्या घरात राहीन.

दादा: आणि तिथे हात भाजून घेशील. आई, मी तो फोड पाहिला. तू तो माझ्यासमोर दुसऱ्याचा असल्यासारखा धरला होतास. त्यानंतर मला धड झोप नाही.

आई: माहीत आहे. तू चांगला मुलगा आहेस.

दादा: ते नको सांगूस मला.

मनी: दादा, एक कर. आज तिला एकटीला चहा करू दे. मी बाहेरच्या खोलीत बसते, आत जाणार नाही. हात तिचा तिला दिसला, तर ती इथे राहील. बाजूच्या काकू सकाळ-संध्याकाळ येऊन जातील, त्या तयार आहेत. नाही दिसला, तर मीच तिचे कपडे भरते.

दादा: आणि तू मला खरं सांगशील?

मनी: सांगेन.

दादा: आई, तुला मान्य आहे?

आई: प्रयोग बरा आहे. मान्य आहे.

दादा: ठीक आहे. झालं की फोन करा.

मनी: ठेवला त्याने. कसा बोलतो ना, चावी संपत आलेल्या खेळण्यासारखा.

आई: दमलाय तो. करंगळी राहिली.

मनी: करंगळीला सगळं लावू. तिन्ही रंग आणि मोठी टिकली. चल, दोघींची घाल. हं... हं... पातळ थराला नाही बसत चटका. कोमट लागतं फक्त.

आई: बरं आहे मग.

मनी: झालं. आता हात असा उचलून खिडकीपाशी नेते. बघ. मान वळव. काय दिसतं?

आई: भयंकर दिसतं.

मनी: दिसतं ना पण?

आई: लग्नाच्या मांडवाला आलेल्या रोषणाईवाल्याने हात विसरून जावा, तसं.

मनी: चल, ऊठ. चहा.

(मनी बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात. मधलं दार उघडं.)

मनी: काय करतेयस?

आई: पाणी ठेवलं.

मनी: हात कुठे आहे?

आई: कुठला?

मनी: आई!

आई: ओट्यावर, डब्याच्या शेजारी. पण हे विचारू नकोस. तू विचारलंस की मी बघते. मग परीक्षा कुणाची झाली?

मनी: बरं. गप्प बसते.

आई: दाराशी येऊन डोकावूही नकोस. सावली दिसते तुझी.

मनी: मागे झाले. बसले खुर्चीत.

आई: पत्ती घातली.

मनी: ...

आई: बोल काहीतरी. हाताचं सोडून.

मनी: काय बोलू? केंद्रावर सकाळी धुकं असतं. इतकं की पर्जन्यमापकापर्यंत जायला दोरी धरावी लागते. दोरी धरायची आणि चालायचं. मला ते आवडतं. तेवढी पाच-दहा पावलं डोक्यात काही येत नाही. आई? ऐकतेयस? आई?

आई: मने.

मनी: आले!

आई: येऊ नकोस. सांगते. चमचा घेतला आणि ड्रॉवर लावायला गेले. लागेना. कमरेने ढकलला. तरी लागेना. पुन्हा ढकलला. मग म्हटलं, खाली काय चमकतंय.

मनी: हात.

आई: हात. बोटं आत, बाकी बाहेर. क्षणभर वाटलं, कुणीतरी बाई माझ्या ड्रॉवरमध्ये हात घालून उभी आहे. मग म्हटलं, इतका वाईट रंग माझ्याच मुलीने लावलेला असणार.

मनी: काढलास?

आई: उजव्याने ड्रॉवर उघडला, उजव्याने तो उचलला, ओट्यावर ठेवला.

मनी: येऊ का आता?

आई: चहा गाळते, मग ये.

मनी: मी येतेय. दाखव. वळ आलेत दोन बोटांवर.

आई: कातडी फाटलेली नाही. बोटं वाकतात, मी वाकवून पाहिली. मधल्या बोटाची टिकली गेली. चमच्यांत पडली असेल.

मनी: बर्फ धर. धर म्हणजे... मी धरते. दोनदा ढकललास, आई.

आई: दोनदा.

मनी: दादाला काय सांगू?

आई: झालं ते.

मनी: आपणहून काढलास, एवढंच सांगितलं तर? तेही खरंच आहे.

आई: मग उद्या तू केंद्रावर धुकं पडलं की पाऊस लिहिशील. ओलं तर दोन्हीत होतं.

मनी: तो घेऊन जाईल तुला.

आई: नेईल कदाचित.

मनी: आणि तुला काहीच वाटत नाही?

आई: मला हे घर पाहिजे. ते आहे. ते मला इथे, छातीत, उजवीकडे नाही आणि डावीकडे नाही, मध्ये कुठेतरी आहे. पण खोटं सांगून मिळालं तर मला रोज रात्री भीती वाटेल. फोन लाव.

मनी: लावतेय. हॅलो, दादा?

दादा: बोल.

मनी: हात ड्रॉवरमध्ये अडकला.

दादा: मग झालं.

मनी: नाही झालं. पुढचं ऐक. तिने दोनदा ढकलला. तिसऱ्यांदा ढकलला नाही, कारण तिला नखं दिसली. तिनेच काढला. मी बाहेर होते आणि तेव्हा धुक्याबद्दल बोलत होते.

दादा: लागलंय किती?

मनी: वळ आहेत. रक्त नाही. बर्फ लावलाय.

दादा: आई, आहेस तिथे? दुखलं का ग?

आई: नाही. दिसलं.

मनी: दादा?

दादा: आहे. ऐकतोय.

मनी: मग? उद्याचं काय?

दादा: तव्यावर दिसला नव्हता.

आई: नव्हता.

दादा: पुढच्या वेळी दिसेल?

आई: सांगता येत नाही. प्रयोग एकदाच झालाय. तू आणि मनी दोघंही रोज फोन करा आणि विचारा. मी खरं सांगत जाईन. दोनदा लागोपाठ दिसला नाही, तर मीच सांगेन, ये आणि ने.

दादा: सांगशील?

आई: आज सांगितलंच की.

मनी: पण दादा, ही चमकी महिनाभरच टिकते. मग नख खालून कोरं वाढतं. ते तुला करावं लागेल, मी तिकडे असेन.

दादा: मला?

मनी: सोपं आहे. फक्त दिव्यात तिच्याशेजारी तुझं बोट घालावं लागतं. तीच चमकी लावून. तिला चटका कळत नाही, तुला कळेल.

दादा: मला ऑफिसात लोक... करंगळीला लावलं तर चालेल?

मनी: चालेल.

दादा: मग उद्या येतो. बघून ठेवतो कसं करायचं ते.

आई: ये की. जेवायला ये. फक्त माझ्या सामानासाठी गाडीची डिकी रिकामी करून येऊ नकोस.